परतीचा खर्च तिकडून

ते १९४१ साल. मी सोळा वर्षांची होते. लग्न होऊन वर्ष झालं होतं आणि सासर माहेरापासून दोनच गल्ल्यांवर होतं. त्यामुळे माझी मोठी बहीण सिगप्पी हिच्या रंगूनच्या प्रवासाचा बेत ठरला तेव्हा मी तिथेच होते. त्या दिवशी हिशेबाला बसलेल्या माणसांपैकी आता मी एकटी उरले आहे.

आमच्यात मोठ्या बहिणीला, आणि मानाने परक्या बाईलाही, आच्ची म्हणतात. माझी आच्ची माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. आवाज खणखणीत, आणि हसायला लागली की पदर तोंडात कोंबावा लागे. आमची आई मी लहान असतानाच गेली होती, म्हणून माझ्या वेण्या घालण्यापासून सगळं आच्चीनेच केलेलं. तिला आत्याच्याच घरी दिलं होतं. उण्णामलै अत्तै, आमच्या वडिलांची धाकटी बहीण, ती तिची सासू. अत्तै तरुणपणी विधवा झाली, पण नवऱ्याची ब्रह्मदेशातली पेढी तिने गावात बसून चालवली. इरावतीच्या मुखाशी, भाताच्या मुलखात ती पेढी होती. आधी तिथे मुनीम होता, मग अत्तैचा एकुलता एक मुलगा अडैक्कप्पन जाऊन बसला. मी त्याला अत्तान म्हणे. आतेभाऊही तोच आणि बहिणीचा नवराही तोच.

मद्रास इलाख्यात कारैक्कुडीच्या आसपासच्या आमच्या चेट्टियारांच्या गावांत तेव्हा असंच चालायचं. पुरुष सावकारीसाठी समुद्रापलीकडे जायचे, तीन वर्षं तिकडे, मग काही महिने इकडे. बायका मागे. व्याज दर महिन्याला यायचं, नवरा तीन वर्षांनी, आणि त्यात कुणाला नवल वाटत नसे. पण अत्तानला जाऊन पाचवं वर्ष सरत आलं होतं. मंदीत तिकडच्या कुळांना कर्जं फेडता आली नाहीत, कर्जापोटी जमिनी गळ्यात पडल्या, आणि जमीन काही पेटीत घालून आणता येत नाही. दर वर्षी त्याचं पत्र यायचं, कापणी झाली की येतो. दर वर्षी अत्तै उलट टपाली कळवायची, खंड पुरता वसूल झाल्याशिवाय जागा सोडू नकोस.

आच्चीने नवऱ्याबरोबर संसार केला तो लग्नानंतरचे काही महिने. मूल नव्हतं.

त्या वर्षी श्रावणाच्या सुमारास अत्तैने दत्तकाचा विषय काढला. अप्पच्ची, म्हणजे आमचे वडील, बहिणीकडे सहज म्हणून आले होते. मी आच्चीबरोबर चिंच फोडत बसले होते. अत्तै म्हणाली, "येत्या पोंगलपर्यंत वाट बघते. नाहीतर दिराच्या घरचा धाकटा मुलगा दत्तक घेते. पेढीला वारस हवा."

अप्पच्चींनी पान लावता लावता हात थांबवला. "मुलगा तू तिकडे बांधून ठेवलायस, उण्णामलै, आणि सुनेला विचारतेस पाळणा का हलत नाही. पोरं काय पोस्टाने येतात?"

"लेकीची बाजू घ्यायला आलात, घ्या, अण्णा. पण वारस नसलेली पेढी म्हणजे कुलूप नसलेली पेटी. कुणीही हात घालावा."

दत्तक आला की घरात आच्चीची जागा काय राहणार, हे तिथे कुणी बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती. आमच्या नात्यात असं एक घर होतं. तिथली सून दत्तक मुलाच्या आईला पाणी तापवून देत म्हातारी झाली.

आच्चीने हातातला बत्ता खाली ठेवला. "मग मीच जाते."

"कुठे?" अत्तैने विचारलं.

"रंगूनला, आणि पुढे ते असतील तिथे. पोंगलपर्यंत तुम्हाला बातमी हवी ना, अत्तै? मी जाऊन पाठवते."

"आपल्या बायका समुद्र ओलांडत नाहीत."

"ओलांडायला लागल्यात. कोट्टैयूरची मीनाक्षी जाऊन आली. तिला काय शिंगं फुटली?"

"शिंगं नाही, जीभ फुटली. आल्यापासून सासूला उलट बोलते."

"ती माझी आधीच फुटलीये, तिकीट न काढता," आच्ची म्हणाली आणि पदर तोंडात कोंबला. अत्तैसुद्धा हसली. मग तिने समोरचा चिंचेचा ढीग हाताने सारखा केला आणि म्हणाली, "किती लागतील?"

आमच्या माणसांत हाच होकार असतो.

एका छपराखाली राहूनही आमच्यात लग्न झालेल्या मुलाची चूल वेगळी, शिधा वेगळा आणि हिशेबही वेगळा. आच्चीची चूल सासूच्या चुलीपासून चार हातांवर होती, पण चार मिरच्या उसन्या नेल्या तरी चार परत यायच्या. त्यामुळे हा प्रवास आच्चीच्या पैशांतून होता आणि बेतही तिचाच असायला हवा होता. पण समुद्रापलीकडचा मामला, म्हणून शुक्रवारी सकाळी अत्तै आणि अप्पच्ची दोघेही तिच्या चुलीपाशी येऊन बसले. मी लिहायला. पेढीचा तरुण कारकून सोक्कलिंगम दारात उभा. अत्तानच्या मदतीला त्याला पाठवायचंच होतं, तेव्हा सोबत त्याचीच आणि त्याचं भाडं पेढीवर. आच्चीचा पहिला फायदा तिथेच झाला.

पहिली रक्कम पिळ्ळैयारची. गणपतीचा वाटा लिहिल्याशिवाय आमचा कुठलाच हिशेब सुरू होत नाही. मग मद्रासपर्यंतची गाडी. मद्रासला मुक्काम आमच्या जातीच्या धर्मशाळेत, म्हणजे खर्च शून्य. पुढे परवाना. ब्रह्मदेशात जायला परवाना लागायचा नियम त्याच उन्हाळ्यात झाला होता. त्याची फी, देवीची लस टोचल्याचा दाखला, आणि फोटो.

"तोंड तर बरोबरच नेणार आहेस," अत्तै म्हणाली, "मग फोटो कशाला?"

"त्यांना ओळख पटावी म्हणून, अत्तै. पाच वर्षं झाली."

अप्पच्ची खाली बघून हसले. अत्तैने फोटोची रक्कम लिहू दिली.

खाण्याचा खर्च नव्हताच. तांदूळ, सुकवलेली वांगी, लोणचं, मुरुक्कू, सगळं घरचं. दागिने घरात राहतील, त्यांची पेटी अत्तैच्या खोलीत. हे तर सगळ्यांनाच पटलं. डेकवर झोपणाऱ्या बाईने गळाभर सोनं घालून जायचं नसतं.

मग जहाज. सोक्कलिंगम आदल्याच आठवड्यात मद्रासला जाऊन आला होता. तो म्हणाला, "आच्ची, डेकचं भाडं पडलंय. दलाल म्हणाला, हवी तेवढी जागा घ्या, वर सवलत देतो. जाताना जहाजं मोकळीच आहेत."

"आणि येताना?" अप्पच्चींनी विचारलं.

"येताना भरून येतात."

अत्तैचा चेहरा खुलला. "बघा, अण्णा. वेळ चांगली आहे. पडल्या भावात घेतो तो शहाणा."

"भाव पडला की आधी विचारावं, का पडला," अप्पच्ची म्हणाले. "मग घ्यावं."

अप्पच्चींनी ब्रह्मदेशात तीन-तीन वर्षांच्या तीन पाळ्या काढल्या होत्या. तिकडे आपल्या लोकांविरुद्ध दंगा उसळला त्या वर्षी ते रंगूनमध्ये होते. त्याबद्दल ते घरात कधी बोलत नसत, त्या दिवशी बोलले. सगळ्या पेढ्या बंद, रस्त्यात माणसं पडलेली, आणि ते एका ब्रह्मी बाईच्या दारात तांदूळ मागायला उभे. खिशात मोठ्या रकमेची हुंडी. बाईने ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, ही चूल पेटवायला ठेवून घेऊ का?

"तेव्हापासून सांगतो," ते म्हणाले, "कागदावर जाऊ नये. दहा गिन्न्या चोळीत शिवून दे पोरीला. परतीचं भाडं रोख, तिच्या अंगावर."

अत्तै ताठ बसली. "गिन्न्या? मजुराच्या बायकोसारख्या चोळीत शिवून? रंगूनला उतरल्या उतरल्या दहा पेढ्या आपल्या ओळखीच्या. माझ्या हुंडीवर कुणीही डोळे मिटून पैसे देईल. रोख न्यायची म्हणजे गावभर सांगायचं, उण्णामलैच्या पेढीवर तिच्याच सुनेचा भरवसा नाही. आणि परतीचं भाडं इथून कशाला? आपली जमीन तिकडे, भात तिकडे, खंड तिकडे. विहिरीवर जाताना कुणी घागर भरून नेतं का?"

हे खरं होतं. आमच्या लोकांनी शंभर वर्षं असाच व्यापार केला होता. पैसा जिथे आहे तिथे पैसा न्यायचा नाही, चिठ्ठी न्यायची. चिठ्ठी म्हणजे अब्रू होती.

अप्पच्ची आच्चीकडे वळले. "माझ्याकडच्या घे. पेढीच्या नाहीत, माझ्या."

मी लेखणी धरून थांबले होते. आच्ची सासूकडे बघत नव्हती, वडिलांकडे बघत होती. ती म्हणाली, "अप्पच्ची, तुमच्या गिन्न्या बांधून त्यांच्यासमोर उभी राहिले तर त्यांना काय वाटेल? बायको न्यायला आलीये की पळायच्या तयारीने आलीये?" आणि मग हळू, "मला घेऊन यायचंय त्यांना. मीच भिऊन गेले तर येतील का ते माझ्याबरोबर?"

अप्पच्ची पानाचा डबा तिथेच विसरून उठून गेले.

अत्तैने शेवटची ओळ मला सांगितली आणि मी ती लिहिली: परतीचा खर्च तिकडून.

तिला सोडायला अप्पच्ची मद्रासला गेले. परत आल्यावर दोन दिवसांनी विहिरीवर पाय धुताना म्हणाले, "तेनम्मै, रंगूनहून आलेलं जहाज रिकामं होताना पाहिलं. माणसं गाद्या घेऊन उतरत होती. शिवणयंत्रं, देव्हारे, पाळलेले पोपट. सुट्टीला येणारा माणूस देव्हारा आणत नाही." त्यांनी दुसऱ्या पायावर पाणी ओतलं. "आणि तिचं जहाज इतकं मोकळं की ती डेकवरून 'येते' म्हणाली, ते धक्क्यावर मला जहाजाच्या पोटात घुमल्यासारखं ऐकू आलं."

दिवाळीनंतर पहिलं पत्र आलं. अत्तै वाचताना मोठ्याने वाचायची, त्यामुळे सगळ्या घराला कळायचं. अत्तान बारीक झालाय, पण तिला बघून इतका हसला की नदीच्या धक्क्यावरचे लोक बघायला लागले. घर लाकडी आहे, खाली पाणी, आणि रात्री मासे उडतात त्याचा आवाज येतो. कांदा महाग आहे. उजेड वरून दिसू नये म्हणून सरकारी माणसं दिव्यांना निळे कागद लावायला सांगून गेली, ते लावले, त्यामुळे संध्याकाळी सगळ्यांची तोंडं आजाऱ्यासारखी दिसतात. कुळं भेटायला येतात, पण पूर्वीसारखी बसत नाहीत, उंबऱ्याबाहेरूनच बोलतात. कापणी जवळ आली आहे.

"बसत नाहीत म्हणजे?" अप्पच्चींनी विचारलं.

"कामाचे दिवस आहेत, अण्णा. बसतील कशाला?"

दुसरं पत्र कार्तिकदीपाच्या सुमारास आलं, तो आमचा दिव्यांचा सण त्या वर्षी डिसेंबरच्या सुरुवातीला होता. ते अत्तैने मोठ्याने वाचलं नाही. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं, मग उठून पिळ्ळैयारसमोर दिवा लावला आणि मला म्हणाली, "तुझ्या बहिणीला चिंच खावीशी वाटतेय. तिकडची चिंच गोड आहे म्हणते, मेली." तिचे डोळे भरले होते. मी अत्तैला रडताना तेवढंच पाहिलं. त्या दिवसापासून दत्तकाचा शब्द घरात पुन्हा निघाला नाही. अत्तैने पायसम करून गल्लीत वाटलं आणि लेकाला पत्र लिहिलं: सांभाळून राहा, कापणी उरका, खंड घेऊन दोघं वरच्या वर्गाने या.

ते पत्र पोस्टात पडलं आणि चार-पाच दिवसांत जपान लढाईत उतरल्याची बातमी आली. गावात रेडिओ एकच होता, धान्याच्या दुकानात. संध्याकाळी पुरुष तिथे उभे राहायचे. घरी आले की बायकांना काही सांगत नसत, फक्त पाणी जास्त प्यायचे. माझा नवराही तसाच.

अप्पच्ची अत्तैला न विचारता कारैक्कुडीला गेले आणि तार केली: ताबडतोब निघा. उत्तर आलं: कापणी चालू. खंड घेऊन निघतो.

अत्तैने ती तार हातात घेतली. "माझा मुलगा आहे," ती म्हणाली. त्यात अभिमान होता. पण त्यानंतर ती जेवायला बसली ती न जेवताच ताटावरून उठली.

त्या महिन्यात आमच्या लोकांचं पिळ्ळैयारचं व्रत असतं. एकवीस दिवस रोज एक याप्रमाणे एकवीस सुतांची वात करायची, शेवटच्या दिवशी तांदळाच्या पिठाच्या गोड गोळ्यात ती खोचायची, पेटवायची, आणि घरातल्या मोठ्या माणसाच्या हातून ती पेटती वात गोळ्यासकट गिळायची. फार पूर्वी आमची जहाजं वादळात सापडली होती, तेव्हापासूनचं हे. जे परदेशी आहेत त्यांच्या नावाचा गोळा आमच्याकडे आई गिळते.

संध्याकाळ होती. अत्तैने आम्हा सगळ्यांना दिलं. मला दिलं, माझ्या नवऱ्याला दिलं, अप्पच्चींनाही. मग तिने अडैक्कप्पनच्या नावाची वात पेटवली. तेवढ्यात दुकानातला माणूस अंगणात आला. पायात वहाणा तशाच. तो म्हणाला, "काल रंगूनवर बाँब पडले. भर दिवसा. माणसं रस्त्यात बघत उभी होती म्हणे, काय पडतंय ते."

अत्तैच्या तळहातावर वात जळत होती. ती उतरत उतरत पिठापर्यंत आली, पिठाला जळका वास सुटला, तरी तिचा हात हलला नाही. अप्पच्ची "उण्णामलै" म्हणाले. तेव्हा तिने गोळा तोंडात टाकला, गिळला, आणि दुसरा हातात घेऊन म्हणाली, "हा सिगप्पीचा. आणि एक तिसरा लागेल."

त्यानंतर पत्रं थांबली. तार घेत नव्हते. पोंगल आला. अत्तैने दारात रांगोळी काढायला लावली, दूध उतू घातलं, सगळं रीतसर केलं. अप्पच्ची तेव्हा मद्रासला आमच्या धर्मशाळेत जाऊन राहिले होते. रंगूनचं जहाज लागलं की धक्क्यावर जाऊन उभे राहायचे. आमच्या गावांतले असे पुष्कळ म्हातारे तिथे जमले होते. एकमेकांशी बोलत नसत म्हणे. कुणाचा माणूस उतरला की बाकीचे दुसरीकडे बघायचे.

पोंगलनंतर काही दिवसांनी त्यांचं कार्ड आलं. सिगप्पी आली. एकटी.

ती घरी आली तेव्हा अंगावर दुसऱ्याच कुणाचं तरी लुगडं होतं. पोट दिसायला लागलं होतं. पाय सुजलेले. अत्तै दारात उभी होती. तिने सुनेला आत यायला वाट दिली नाही. विचारलं, "तो?"

"चालत येताहेत," आच्ची म्हणाली.

"कुठून?"

"रंगूनहून. डोंगरावरून वाट आहे म्हणतात."

मग अत्तै बाजूला झाली.

आच्चीने मला सगळं हळूहळू सांगितलं, दिवसभरात दोन-चार वाक्यं, पीठ चाळताना, माझ्याकडे न बघता. बाँब पडले त्या आठवड्यात कापणी झाली होती. कुळांनी भात आपापल्या घरी नेलं. अत्तान खंड मागायला गेला तेव्हा म्हातारं कूळ भल्या शब्दांत म्हणालं, सावकार, जमीन उचलून घेऊन जा. दंगा झाला नाही, शिवी झाली नाही. फक्त कुणी काही दिलं नाही, आणि पोलीस ठाण्याला कुलूप होतं. ती तिघं लाँचने रंगूनला आली. बरोबर जमिनीच्या कागदांचं गाठोडं आणि अत्तैची हुंडी. हुंडी जिच्यावर होती ती पेढी बंद. दुसरी बंद. तिसऱ्या पेढीत आमचाच एक लांबचा माणूस होता, तो रडायला लागला आणि म्हणाला, माझ्याकडे अशा पेटीभर आहेत.

धक्क्यावर जागा फक्त रोखीने मिळत होती आणि भाव तासातासाला चढत होता. त्यांच्या पुढे एक पानवाला होता, मदुरैकडचा. त्याने कमरेचा कसा सोडला, नोटा मोजल्या, बायको-मुलांना घेऊन चढला. अत्तानच्या नावावर तिकडे शेकडो एकर भात होतं. तो मागे उभा राहिला.

त्याच्या आणि सोक्कलिंगमच्या अंगावर मिळून जे निघालं त्यात एकच जागा आली. आच्ची जायला तयार नव्हती. तिने त्याचा हात धरून ठेवला होता. तो म्हणाला, "वेडे, एका तिकिटात दोघं जाताहेत. एवढं स्वस्त पुन्हा मिळायचं नाही."

"आणि तुम्ही?"

"आम्ही चालत येतो. चालायला तिकीट लागत नाही."

तो हसत होता, आच्ची म्हणाली. पण निळे कागद लावले होते तेव्हा सगळे दिसायचे तसा दिसत होता, आणि तेव्हा तर ऊन होतं.

सोक्कलिंगम उन्हाळ्यात आला. आला म्हणजे चित्तगावहून कुणीतरी त्याला गाडीत घातलं. माणूस अर्धा उरला होता. त्याने सांगितलं ते असं. डोंगरातल्या वाटेवर हजारो माणसं, पाणी नाही, पटकी लागलेली. एका ओढ्यापाशी मालक चेट्टियार म्हणाले, तू पुढे हो, मी पाणी पिऊन येतो. मुक्कामाला ते आले नाहीत. सकाळी मागे जायला निघालो तर मागून येणाऱ्या गर्दीने जाऊ दिलं नाही. अत्तैने विचारलं, "तू त्याला मेलेलं पाहिलंस?" तो म्हणाला नाही. "मग बोलू नकोस," अत्तै म्हणाली.

आच्चीला मुलगा झाला. बारशाच्या वेळी अत्तैने त्याच्या कानात आजोबांचं नाव सांगितलं आणि म्हणाली, पेढीचा मालक. त्या पेढीत तेव्हा जपानी सैन्याचे घोडे बांधलेले होते, असं पुढे कळलं. लढाईनंतर जमिनीचं काही होईल म्हणून अत्तै अर्ज करत राहिली. मग तिकडच्या नव्या सरकारने त्या जमिनी घेतल्या. नुकसानभरपाईचं काहीतरी ठरलं होतं. आमच्यापर्यंत ते आलं नाही.

अप्पच्ची सत्तेचाळीस साली गेले. त्या शुक्रवारबद्दल ते बहिणीला कधी एका शब्दाने बोलले नाहीत. रोज संध्याकाळी तिच्याकडे जायचे, पान लावून द्यायचे, यायचे. अत्तै एकदा मला म्हणाली, "तुझ्या बापाने मला एकदा तरी शिवी द्यायला हवी होती गं."

सोक्कलिंगमने पुढे मदुरैला कापडाचं दुकान काढलं आणि ते चांगलं चाललं. दर वर्षी मुलासाठी कपडे घेऊन यायचा. आच्चीसमोर तो कधी बसला नाही, उभ्यानेच कॉफी प्यायचा.

अत्तै एकावन्न साली वारली. शेवटपर्यंत ती दारातल्या ओट्यावर बसायची आणि सून तिच्यासमोर कुंकू लावून, मंगळसूत्र घालून, फुलं माळून वावरायची. बातमी नाही तर विधवा कशी, असं अत्तैचं म्हणणं होतं आणि गावातही कुणाची बोलायची छाती नव्हती. नऊ वर्षं आच्चीने ते केलं. तेराव्याचं जेवण झालं, माणसं पांगली, तेव्हा तिने मला मागच्या अंगणात बोलावलं, गळ्यातलं काढून माझ्या हातात दिलं आणि विहिरीवर जाऊन कपाळ धुतलं. मी म्हणाले, "आच्ची, आज का?"

"ओढ्याचं ऐकलं तेव्हाच मला कळलं होतं. ते असे थांबणारे नव्हते, पाण्यासाठीसुद्धा. पण त्या बाईला मुलगा हवा होता ना, दारातून येणारा. मी एवढंच देऊ शकत होते."

तिचा मुलगा नागप्पन तिरुच्चीला कॉलेजात गणित शिकवायचा. आता तोही निवृत्त झाला आहे. आच्ची त्याच्याकडे राहायची आणि शहात्तराव्या वर्षी झोपेत गेली. शेवटच्या वर्षी तिची आठवण जरा सुटली होती. बाकी सगळं विसरली, पण बाहेर निघालेल्या प्रत्येकाला, नातवंडांना, दूधवाल्याला, देवळाच्या पुजाऱ्याला, ती दारात अडवायची आणि विचारायची, यायला पैसे आहेत ना जवळ? आणि तो खिसा वाजवून दाखवेपर्यंत बाजूला व्हायची नाही.